पुढच्या खोलीतलं कुलूप

आमच्या घरात कुलूप एकच होतं, आणि ते आबांच्या पेटीला होतं. आबा म्हणजे माझे सासरे. जळगाव–धुळे गाडीवर त्यांनी तीस वर्षं कंडक्टरकी केली. रिटायर होताना तिकिटांची पेटी डेपोत जमा करावी लागली, तेव्हा त्यांनी बाजारातून तशीच एक पत्र्याची पेटी आणली, तिला पितळी कुलूप लावलं आणि चावी करदोड्याला बांधली. आत पेन्शनचे कागद, सासूबाईंचा एक फोटो आणि तुटक्या चष्म्याच्या काड्या, एवढंच. पण ती पेटी हलवायची हिंमत घरात कुणाची नव्हती. झाडतानासुद्धा मी तिच्या भोवतीनेच झाडू फिरवते.

बाकी सगळं घर उघडं. जळगावात मेहरूणला तलावाच्या अलीकडच्या गल्लीत आम्ही राहतो. पुढचं दार सकाळी दूधवाला आला की उघडतं, ते जेवणं आटोपल्यावरच लोटलं जातं. कपाटाची चावी कपाटालाच लटकलेली असते. शेजारच्या बाईचं विरजण संपलं की ती सरळ आमचा फ्रीज उघडून दही घेऊन जाते, आणि जाताना वर सांगते, "आंबट झालंय गं तुझं." मी बोदवडची. माझ्या माहेरीही हेच होतं, त्यामुळे मला यात कधी काही वावगं वाटलं नाही. माझा कॉम्प्युटर पुढच्या खोलीत आबांच्या दिवाणाला लागून ठेवला गेला तोही असाच, फार विचार न करता. प्लग तिथे होता, एवढंच.

त्या कॉम्प्युटरवर मी लोकांची लग्नं टाइप करते. हे जरा वाढवून सांगितलं. टाइप करते ते लग्नाचे बायोडाटा. मराठी टायपिंगची परीक्षा पास होऊन अकरा वर्षं मी कोर्टाजवळच्या एका दुकानात अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं बडवली. दुकान बंद झालं तेव्हा तिथलंच एक यंत्र घरी आणलं आणि पाटीबिटी न लावता काम सुरू केलं. आमच्याकडे पाटीची गरज नसते. एकीच्या पोरीचा कागद चांगला झाला की तिच्या चार जावा येतात. वर गणपती, खाली नाव, जन्मवेळ, उंची, शिक्षण, आजोळ, मामाचं गाव, आणि शेवटी अपेक्षा. कित्येक मुलांना मी एकेक इंच वाढवून दिलाय. अपेक्षेच्या रकान्यात सगळे 'अनुरूप' म्हणतात आणि मग खुर्ची पुढे ओढून खरी अपेक्षा हळूच सांगतात. मुलाचं एक लग्न मोडलेलं आहे, मुलीच्या पायाचं ऑपरेशन झालंय, वडील घर सोडून गेलेत. डॉक्टरला सांगावं तसं मला सांगतात. घरोघरी मातीच्या चुली, हे मी वाचून नाही, टाइप करून शिकले.

आमच्याही घरात तशी एक चूल होती. माझी नणंद. वयाने माझ्याहून सात वर्षांनी लहान, पण नणंद म्हणून मी तिला ताईच म्हणते. धुळ्याला दिली होती. तीन वर्षांपूर्वी कोर्टातून तिचा घटस्फोट झाला आणि ती दोन बॅगा घेऊन परत आली. आता एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. पण घटस्फोट हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. कुणी विचारलं तर आबा आपल्या अहिराणीत सांगतात, "जावई गुजरातमां कामाले शेत, म्हनीसन पोर आठे शे." गल्लीला खरं काय ते ठाऊक आहे. आबांनाही ठाऊक आहे की गल्लीला ठाऊक आहे. तरी तीन वर्षं हे गुजरात चाललंच होतं, आणि ताई मान खाली घालून त्या खोट्यात राहत होती.

एरवी आबांच्या तोंडात तीळ भिजत नाही. तीस वर्षं एरंडोल, पारोळा, धुळे ओरडण्यात गेली. पुढे काय येतंय ते आधी सांगायचं, हा त्यांचा धर्मच झाला. त्यात त्यांना स्थळं सुचवायची हौस. गाडीवर असताना कुठल्या गावात कुणाची पोर लग्नाची आहे, कुणाचा पोरगा नोकरीला लागलाय, हे त्यांना मुखपाठ असायचं. तिकीट फाडता फाडता जुळवलेली लग्नं ते बोटांवर मोजून दाखवतात. त्यात पैशाचा लोभ नाही की कसला मोठेपणा नाही. दोन घरं जोडली की त्यांना बरं वाटतं. मला हे मान्य आहे, आणि म्हणूनच पुढे जे झालं ते जास्त लागलं.

एका दुपारी धुळ्याहून एक बाई आली. मुलीचा बायोडाटा करायचा होता. धुळ्यात तिच्या घराजवळ टायपिंगची तीन दुकानं आहेत, पण तिथे बसलेल्या प्रत्येकाला ती ओळखते म्हणून ती मुद्दाम जळगावला आली होती. मुलगी शाळेत शिकवते. वर्षभरात लग्न मोडलं होतं. बाई म्हणाली, "घटस्फोटित असं स्पष्ट लिहा. नंतर कुणी म्हणायला नको. पण हा कागद अजून कुणाला दाखवायचा नाही. आधी माझ्या भावाला सांगायचंय. तो मुलीचा मामा. तिच्या लग्नात तो तिच्या पाठीशी उभा होता. त्याला मी माझ्या तोंडाने सांगणार, मग पुढचं." मी म्हटलं, निश्चिंत राहा. हा शब्द मी दिला होता, आणि देताना मला त्यात काही अवघड वाटलं नव्हतं.

ती गेली. मी कागद टाइप करत होते. गॅसवरची डाळ लागल्याचा वास आला म्हणून मी उठून आत गेले. स्क्रीन तशीच उघडी. आबा दिवाणावरून उठले, चष्मा लावला आणि बायोडाटा वरपासून खालपर्यंत वाचला. मग फोन उचलला आणि पारोळ्याला राहणाऱ्या आपल्या जुन्या ड्रायव्हरला सांगितलं की एक चांगली पोर आहे, शिकलेली आहे, घटस्फोटित आहे पण दोष तिचा नसावा, तुझ्या पुतण्यासाठी बघ. डाळ खाली उतरवायला मला जितका वेळ लागला तितक्यात हे झालं, आणि मला ते नंतर कळलं. मी बाहेर आले तेव्हा आबा समाधानाने दिवाणावर टेकले होते.

पाचव्या दिवशी ती बाई पुन्हा आली. आबा तेव्हा तलावावर फिरायला गेले होते. मी दिलेलं पाणी तिने घेतलं नाही. म्हणाली, "माझ्या दादाला बाहेरून कळलं. पारोळ्याचा कुणी ड्रायव्हर, त्याचा साडू माझ्या दादाच्या कॉलनीत राहतो. दादा मला म्हणाला, जिच्या लग्नात मी मामा म्हणून उभा राहिलो तिचं मोडलं, हे मला परका माणूस सांगतो? तो आता घरी येत नाही. आणि पोरगी म्हणते, माझा कागद कुठेच फिरवू नका, मला लग्नच करायचं नाही." मग ती म्हणाली, "ते काढून टाका."

मी तिच्यासमोर फाइल पुसली. कचरापेटीतूनही पुसली. "आता कुठेच नाही ना?" तिने विचारलं. कॉम्प्युटरमध्ये नव्हती, पण पारोळ्यात होती, धुळ्यात होती, तिच्या भावाच्या डोक्यात होती. उठताना तिने सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. उघडं दार, दिवाण, त्याला लागून माझं टेबल. "तुमच्याकडे याला कुलूप नसतं का हो?" असं तिने अगदी साधेपणाने विचारलं. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मी उलट काहीतरी बोलले असते. 

आबा परत आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना आधी कळेचना. "मी वाईट काय सांगं? चांगली पोर शे, हुशार शे, एवढंच सांगं ना." मी म्हटलं, ते सांगायचा हक्क तिच्या आईचा होता. ते म्हणाले, "लग्ननं काम शे माय, चार लोकेसले कळावाच पाहिजे." मग माझा तोल गेला. माझा स्वभाव तसा आहे, भांडं तापायला वेळ लागतो पण उतू जायला लागत नाही. मी म्हणाले, "आबा, आपलं ठेवायचं झाकून आणि लोकांचं पाहायचं वाकून, ही कुठली रीत?"

ताई तिथेच खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने ताट बाजूला ठेवलं आणि आत निघून गेली. आबा पांढरे पडले. मला माझीच जीभ तोडून टाकावीशी वाटली. पण शब्द गेला होता, आणि तो खोटाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरला पासवर्ड लावायला बसले. दुकानात अकरा वर्षं काम केलं, पण तिथे हे सगळं मालक बघायचा. मी फक्त टाइप करणारी. सेटिंगमध्ये शिरून, चुकत माकत, दोनदा भलतीकडे जाऊन शेवटी ती जागा सापडली. नवा पासवर्ड लिहा. लिहिला: इंग्रजी अक्षरांत बोदवड. पुन्हा लिहा. पुन्हा लिहिला. मग तो विचारायला लागला, विसरलात तर आठवण व्हावी म्हणून काही सूचना लिहा. मी जागा रिकामी सोडायला गेले तर पुढेच जाऊ देईना. म्हणून लिहून टाकलं: माहेर. आणि मोठी लढाई मारल्यासारखी भाकरी करायला उठले.

ही सूचना चुकीचा पासवर्ड मारणाऱ्या कुणालाही, अगदी कुणालाही, स्क्रीनवर दिसते, हे मला माहीत नव्हतं.

आबा रोज सकाळी त्या कॉम्प्युटरवर पेपर वाचायचे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तिकिटांचं मशीन आलं होतं, त्यामुळे एका बोटाने टाइप करणं त्यांना जमतं. पुढच्या सकाळी मी अंघोळीला गेले होते. बाहेर आले तर पेपर उघडलेला, शेजारचे दोन जण चहाला बसलेले, आणि आबा मजेत. म्हणाले, "दोनदा भलतं टाकं, मंग तोच सांगस, माहेर! तुन्हं माहेर बोदवड शे ना व माय, दुसरं काय व्हई?" दोघे शेजारी हसले. माझा नवरा दात घासत होता, तोही फेस सांभाळत हसला. खरं सांगायचं तर मलाही आतून हसू आलं. माझ्या पासवर्डने एका कंडक्टरला गावाचं नाव विचारलं होतं.

पण हसू ओसरल्यावर मी विचार केला. आमच्याकडे माणसाबद्दल जे काही आठवण्यासारखं असतं ते सगळ्यांनाच आठवतं. माहेर, आजोळ, कुलदैवत, पोरांची नावं, जन्मसाल, गाडीचा नंबर. मी ज्याला गुपित म्हणेन ते गल्लीतल्या पोराटोरांना पाठ असणार. म्हणजे मला असं काहीतरी हवं होतं जे माझ्याबद्दल नव्हतंच. मी एक अख्खी दुपार घालवली. शेवटी जुळवलं ते ना गाव, ना देव, ना नातं. ते काय आहे हे इथेही सांगणार नाही. सूचनेच्या जागी लिहिलं: विचारू नका.

दुसऱ्या दिवशी मी कामाला बसले. आबा दिवाणावर, माझ्यापासून हातभर अंतरावर, डोळे माझ्या बोटांवर. मी हात थांबवले. "आबा, जरा तिकडे तोंड करा ना."

"काय?"

"पासवर्ड टाकायचाय. जरा खिडकीकडे बघा."

आबा उभेच राहिले. त्यांचा आवाज एसटीत शेवटच्या सीटपर्यंत जाणारा आहे, तो पुढच्या खोलीत मावला नाही. "मन्हा घरमा मीच तोंड फिराऊ? कुलूप कोनासाठे लावतंस? चोरनासाठे. मंग मी चोर शे का?"

मी म्हटलं, "चोर कुणी नाही. पण मी शब्द दिलाय लोकांना." आणि तशीच बसून राहिले, हात मांडीवर ठेवून. ते तोंड फिरवेनात, मी पासवर्ड टाकेना. शेवटी ते पायात चप्पल अडकवून बाहेर पडले. मग मी टाकला. 

त्यानंतर घरात शीतयुद्ध सुरू झालं. आबा चौकातून छापील पेपर आणायला लागले आणि तो माझ्यासमोर मुद्दाम खडखड वाजवत वाचायला लागले. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी त्यांना जीव की प्राण, तीसुद्धा खाली बघून, एक शब्द न बोलता खायचे. बाहेर मात्र बोलत असणार, कारण दही न्यायला आलेली शेजारीण म्हणाली, "घरातल्या घरात कुलूप लावलंस म्हणे?" मी तिला म्हटलं, "हो. फ्रीजलाही लावणारेय." ती दोन दिवस आली नाही.

तोडगा म्हणून मी आबांसाठी कॉम्प्युटरमध्ये वेगळं खातं काढलं. वर 'आबा' असं नाव, पासवर्ड नाही, आत फक्त त्यांचा पेपर आणि कीर्तनं. हौसेने दाखवायला गेले तर म्हणाले, "मन्हाच घरमा मन्हं खातं येगळं? उद्या ताट बी येगळं कर." नवरा कंपनीतून आल्यावर हळूच म्हणाला, "काढून टाक ना तो पासवर्ड. ते वर्षभर बोलणार नाहीत, तू ओळखत नाहीस त्यांना."

"मग वर्षभर दोघांच्या वाटचं मी बोलेन," मी म्हटलं. "पण काढणार नाही." पाइपच्या कंपनीत तो मशीनवर असतो. यंत्र अडून बसलं तर काय करायचं ते त्याला कळतं, माणूस अडून बसलं की तो शिफ्टला निघून जातो. तसा तो गेला.

आठवडा झाला. एका दुपारी आबा पेटी पुढ्यात घेऊन कुलपाला तेल देत बसले होते. मी समोर जाऊन खाली बसले. म्हटलं, "आबा, गाडीवर असताना या पेटीची चावी तुम्ही कधी कुणाला दिली होती का?"

ते बोलणार नव्हते, पण पेटीचा विषय निघाला की त्यांना राहवत नाही. "कोनले देसू? एकदाव एरंडोल घाटमा गाडी बंद पडनी. बठ्ठी गाडी उतरी गई, ड्रायव्हर बी उतरना. मी पेटी सोडी नही."

"ड्रायव्हर तर तुमचा भावासारखा. त्याच्यावर विश्वास नव्हता?"

"विश्वासनी गोष्ट नही ती. ती सरकारनी पेटी व्हती. मन्ही नव्हती."

"ही पण माझी नाही," मी टेबलाकडे बोट दाखवलं. "लोकांची आहे. तुमच्यावर माझा विश्वास आहे हो. पण पेटी माझी नाही."

आबांनी कुलूप लावून बघितलं, उघडून बघितलं, पुन्हा लावलं. मला वाटलं, हाही वार फुकट गेला. उठून कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुतलेला पांढरा शर्ट घालून निघाले. कुठे, ते सांगितलं नाही. सकाळच्या धुळे गाडीत बसताना शेजारणीच्या मुलाने त्यांना पाहिलं, एवढंच कळलं. ऊन उतरल्यावर परत आले. पाय धुतले, पाणी प्यायले, आणि जेवायला बसल्यावरही गप्प. पण हे गप्प बसणं निराळं होतं. ते माझ्यावर उगारलेलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या दुपारी घरात मी आणि आबाच होतो. ते दिवाणावरून उठून माझ्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसले, अगदी गिऱ्हाईक बसतं तसे. म्हणाले, "ते तुन्हं कुलूप पक्कं शे ना?"

"पक्कं आहे."

"मी काल तिन्हा मामाकडे गयथू." धुळ्याच्या त्या मुलीच्या मामाकडे. पत्ता कसा काढला हे मी विचारलं नाही. तीस वर्षांच्या रूटवर पत्ता न सापडायला काय झालं. "हात जोडात. चूक मन्ही शे, तुम्हनी बहीणनी नही, असं सांगं. तो भला माणूस. चहा पाजा. पण माले बोलना, आबा, तुम्हनी पोर ऱ्हाती तर पारोळाले फोन करतात का?" आबा थांबले. करदोड्याची चावी चाचपली. 

मला त्यांचं वाईट वाटलं. त्या उघड्या तोंडाच्या माणसाने तीन वर्षं एकच गोष्ट पोटात दाबली होती आणि ती त्याला झेपत नव्हती, हे मला त्या क्षणी दिसलं. मी इतके दिवस फक्त रागावले होते.

मग ते म्हणाले, "ताईना कागद कर. खरं खरं लिख. गुजरात नको." घटस्फोट हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही, पण हाताने त्यांनी हवेत एक रेघ ओढली. "आनी कुलूपमां ठेव. कोनले कळाले नको. मी बी कोनले सांगाव नही."

कुणालाही वाटेल की मी लगेच टाइप करायला घेतलं असेल. नाही घेतलं. मी म्हटलं, "ताईला विचारलंत?"

"तिले काय विचारनं? बापनं काम शे."

"मग मी लिहिणार नाही." आवाज चढवला नाही, पण हातही की-बोर्डवर ठेवला नाही. "धुळ्याच्या बाईचं जे झालं तेच पुन्हा होईल. फक्त यावेळी चोरून होईल. जिचा कागद तिने सांगायचं, आबा. ती म्हणाली कर, तर करीन. नको म्हणाली तर या घरात कुणाच्याही सांगण्यावरून करणार नाही." ते माझ्याकडे बघत राहिले. पुन्हा आवाज चढणार म्हणून मी मन घट्ट केलं. पण ते उठले आणि दारात जाऊन ताईच्या येण्याच्या वाटेकडे बघत उभे राहिले.

ताई सहाला आली. पर्स खुंटीला लावते न लावते तोच आबांनी विचारलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. शब्द नीट जुळत नव्हते. "तुन्हा कागद करना शे का? तुन्ही मर्जी काय शे? नही म्हनशी तरी चाली." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, पीठ लागलेल्या हातांनी. ताई रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरकडे, मग बापाकडे.

"मन्हं मी लिखसू," ती म्हणाली.

मी हात धुऊन आले आणि तिच्यासाठी तिसरं खातं काढायला घेतलं. नाव ती म्हणाली ते दिलं. पासवर्डच्या खाली यावेळी तीन प्रश्न आले. तुमचा जन्म कोणत्या गावी झाला, पहिली शाळा कोणती, लहानपणी काय नावाने हाक मारत. मला हसू आलं. निम्मा बायोडाटाच होता तो. जगात कुठेतरी या गोष्टी गुपित समजल्या जातात याचं मला नवल वाटतं.

ताईने विचारलं, "वहिनी, खरीच उत्तरं द्यायची का?"

"अजिबात नाही. तुला आठवतील अशी दे. खरं फक्त तुझ्या कागदात लिही, तेही तुला वाटेल तेवढं."

मी खुर्चीवरून उठले, तिला बसवलं आणि खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभी राहिले. बाहेर शेजारीण आमच्याच घराकडे बघत होती. मागे ताईची बोटं थांबलेली ऐकू येत होती. आबा दिवाणावरच होते, तिच्यापासून हातभर अंतरावर, आणि त्यांना काही सांगावं की नको या विचारात मी होते. आठवडाभर मी भांडले होते खरी, पण बापाला तोंड फिरवायला सांगणं ताईला जमलं नसतं.

दिवाण करकरला. मी मागे वळून पाहिलं. आबांनी पाय वर घेतले होते आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले होते, चष्मा काढून हातात धरलेला. कुणी काही म्हटलं नव्हतं.

ताईने टाइप करायला सुरुवात केली.

पुढे धुळ्याच्या त्या बाईचा फोन आला. भाऊ घरी येऊन जेवून गेला म्हणाली. मुलीचा कागद तिने अजून पुन्हा करायला दिलेला नाही, आणि मीही विचारलेलं नाही. ताईच्या खात्यात काय आहे ते मला माहीत नाही. बायोडाटा आहे की आणखी काही, पूर्ण झालाय की अर्धा, ते तिचं तिला ठाऊक. रोज संध्याकाळी आल्यावर ती अर्धा तास तिथे बसते. ती खुर्ची ओढते त्याचा आवाज झाला की आबा हातातला पेपर खाली ठेवतात आणि भिंतीकडे वळतात.